टीव्हीवर दिसलेला आमचा डग

अ‍ॅव्हरिल हिंडल म्हणजे तापट बाई, असं इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीत कोणीही सांगेल. सांगू देत. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर एव्हाना त्यानं दोन-चार डोकी फोडली असती.

तिचा थोरला भाऊ डग ‘द शटल्स’ नावाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. गिरणीतल्या माणसांची चार पोरं, एकसारखे काळे कोट, कपाळावर झुलपं. साठच्या दशकात असे बँड आमच्याकडे पैशाला पासरी होते. पण शटल्सना एकदा मँचेस्टरच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर गाणं.

आणि शुक्रवारी अ‍ॅव्हरिल होती बार्लोच्या दुकानात, मासे आणि बटाटे तळत. शुक्रवारी आमच्याकडे चूल कोण पेटवतं? अख्खी गल्ली बार्लोच्या दारात रांग लावून उभी. तिनं अर्धा तास सुट्टी मागितली, हातापाया पडली. बार्लो म्हणाला, टीव्ही काय उद्याही असतो, मासा मात्र आत्ताच करपतोय. तो बार्लो मेला त्याला जमाना झाला, पण चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यापाशी आली की ती अजून तोंड फिरवते.

त्याच हिवाळ्यात डग मोटारसायकलसकट लॉरीखाली गेला. फोटो राहिले मूठभर. पण चालता-हलता डग पुन्हा एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढं एकच वेड तिच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

स्टुडिओवाल्यांनी हात वर केले. टेपा महाग होत्या म्हणे, म्हणून जुनं पुसून त्यांवर नवं घ्यायचे. शटल्सच्या टेपेवर घोड्यांची शर्यत घेतली होती. अ‍ॅव्हरिल त्या फोनवरच्या पोरीला म्हणाली, ‘‘म्हणजे घोडे ठेवलेत आणि माझा भाऊ पुसलात.’’

घरी आली की नेव्हिलची कटकट. नेव्हिल तिचा नवरा. एकेकाळी शटल्सची गाडी हाकायचा, त्यांचे ड्रम उचलायचा. आता पाय आखडलेला, उंच, हाडकुळा म्हातारा. चहाचं पाणी तापायची वाट बघतानाही त्याचा डावा गुडघा सारखा उडत असतो. तो म्हणायचा, जाऊ दे गं, तिथे कोण खरं वाजवत होतं? रेकॉर्ड मागे लागलेली, पोरांनी नुसते ओठ हलवायचे आणि गिटारी कुरवाळायच्या. त्या खोट्या गाण्यासाठी किती जीव काढशील?

‘‘गाणं खोटं असेना का,’’ ती म्हणायची, ‘‘माणूस तर खरा होता.’’ यावर नेव्हिल कुत्र्याला फिरवायला निघून जायचा. त्यांच्याकडे कुत्र्यानं इतका व्यायाम केला, केवळ या एका विषयामुळे.

आईनं मात्र ते गाणं पाहिलं होतं, शेजारच्या टीव्हीवर. मरेपर्यंत सांगायची, आमचा डग किती बारीक दिसत होता, आणि कोटाच्या बाह्या बघा कशा मनगटाच्या वर! दुसऱ्या दिवशी तिनं तो कोट उसवला आणि बाह्या सोडून लांब केल्या. डगच्या शेवटच्या फोटोत त्या पार बोटांवर लोंबताहेत. अ‍ॅव्हरिलनं तेव्हा त्याला खूप चिडवलं होतं. तो एकदाही आईला काही बोलला नाही, तोच कोट घालून फिरला.

मग कळलं की साउथपोर्टला जुन्या फिल्मा जमवणारे कोणी थ्रिप म्हणून आहेत, त्यांच्याकडे त्या गाण्याची फिल्म आहे. टेप पुसण्याआधी परदेशात विकायला तिची एक नक्कल निघाली होती, ती भंगारातून थ्रिपसाहेबांच्या हाती लागली. हे शौकीन लोक म्हणजे नागोबाच, स्वतः खात नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत. बदल्यात तुमच्याकडे काय आहे, एवढंच विचारायचे आणि फोन ठेवायचे. तिच्याकडे काय असणार? बँडमधले उरलेले दोघे ऑस्ट्रेलियात, तिसरा गेलेला. चार वर्षं त्या माणसानं तिला झुलवलं.

शेवटी ती म्हणाली, आता त्याच्या दारात जाऊन बसते. निघायच्या दिवशी नेव्हिलच्या गाडीचे ब्रेक वाजायला लागले. मग त्याची पाठ धरली. मग आभाळ आलं. अ‍ॅव्हरिलनं किल्ली उचलली आणि मी चालवते म्हणाली. तिला गाडी येत नाही. तो मुकाट्यानं उठला.

थ्रिपसाहेबांच्या बैठकीत ती जी ठाण मांडून बसली ती हलेचना. त्यांचा चहा प्याली, बिस्किटं खाल्ली, वर आणखी चहा मागितला. अखेर थ्रिपसाहेब वैतागले, भर दुपारी पडदे ओढून त्यांनी प्रोजेक्टर लावला.

भिंतीवर शटल्स उगवले. गायक डोळे मिचकावत होता, पोरी किंचाळत होत्या, आणि मागे, कॅमेऱ्याकडे अर्धी पाठ करून, बेस गिटारवाला. काळा कोट, तीच झुलपं. अ‍ॅव्हरिलच्या डोळ्यांना धार लागली. बाई, आमचा डग.

मग तिनं डोळे पुसून नीट पाहिलं. बाह्या आखूड होत्या. पण डगला तो कोट कुठे आखूड होता? नवा शिवला तेव्हा तिनंच बटणं लावली होती, अगदी मापात बसला होता. ती पुढे सरकली. गिटारवाल्याचा डावा गुडघा सारखा उडत होता, गाण्याच्या तालाशी काही संबंध नसल्यासारखा.

तिनं हळूच मान वळवली. बाजूच्या खुर्चीत, अंधारात, नेव्हिलचा गुडघा उडत होता.

‘‘तो कुठे होता?’’ तिनं विचारलं.

नेव्हिल भिंतीकडेच बघत म्हणाला, ‘‘संडासात. ओकत होता. क्लबात बिनधास्त वाजवायचा गं, पण तो कॅमेरा बघितला आणि त्याचं अवसानच गेलं. वाजवायचं तर नव्हतंच, नुसतं उभं राहायचं. त्यानं कोट काढून माझ्या अंगावर चढवला. म्हणाला, आईला सांगू नकोस. शपथ घातली. मग तो गेला, आणि तुझी आई दफनाच्या दिवशीही येईल त्याला टीव्हीची गोष्ट सांगत होती. मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?’’

थ्रिपसाहेबांनी खाकरून फिल्म पुन्हा लावू का म्हणून विचारलं. नको, म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसली गत. आणि कळसा रोज शेजारी झोपून घोरत होता. ती तडक गाडीत जाऊन बसली. इतका राग तिला बार्लोचाही कधी आला नव्हता. आयुष्यभर ती फिल्म शोधत हिंडली, आणि तिनं न पाहिलेला डग या माणसानं पाहिला होता आणि पोटात ठेवून दिला होता.

नेव्हिलनं किल्ली फिरवली. तसा तिनं त्याच्या उडत्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला.

‘‘त्या दिवशी सकाळी तू त्याला घ्यायला आलास, तिथपासून सांग,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं. ओकला ते पण सांग. आणि गाडी सावकाश चालव.’’