हन्नाबाईंचा शनिवार

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. एरवी तिच्यापासून काही लपत नाही. तपकीर ओढलेलीही लपत नाही, शिंका येतात. पण ही एक गोष्ट लपली. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो. अडखळलो तर सांभाळून घ्या — नाही, सांभाळूनही घेऊ नका. नुसतं ऐका.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. पनवेलच्या एका धर्मादाय इस्पितळात मी इमारतीची देखरेख करायचो. म्हणजे काय, तर कौलं गळतात का, विजेच्या तारा उघड्या पडल्यात का, आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांत वाळू आहे की कुणी पान खाऊन पिचकाऱ्या मारल्यात — हे बघायचं आणि जाड वहीत लिहायचं. तपासणीला साहेब आला की वही पुढे करायची. साहेब वही बघे, बादली बघत नसे. हे मला फार लवकर कळलं.

आणि हन्नाबाई. बाळंतिणींच्या खोलीच्या मुख्य नर्स. बेने इस्राएल — आपल्या कोकणातल्याच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या यहुदी घरातल्या. विधवा, एकच मुलगा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. घरी नवसाचा मलिदा झाला की गूळपोह्यांची एक ताटली झाकून माझ्यासाठी यायची. मला विषमज्वर झाला तेव्हा सख्खी बहीण काय करील इतकं त्यांनी केलं. माझा त्यांच्यावर जीव होता. आहे.

नियमांची वही माझ्याकडे, पण नियम त्यांच्याकडे, असा कारभार होता. खोलीच्या एका खिडकीचे गज त्यांनी कमिटीशी भांडून काढायला लावले. मागच्या दाराला रात्री कुत्र्यांच्या भीतीने बाहेरून कुलूप, पण दिवसा ते निघालंच पाहिजे. “बाळंतीण पळू शकत नाही रे भास्कर,” म्हणायच्या, “म्हणून तिला दोन दारं लागतात.” रोज सकाळी त्या स्वतः कुलूप काढत. दार उघडून बघायचं काम मात्र माझं, आठवड्यातून एकदा.

शनिवार त्यांचा सुट्टीचा. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत त्या घरी जात, ते रविवारीच येत. जाताना कुलूप काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवत. दीड दिवस दार बिनकुलपाचं राहू दे, कुत्री आली तर हाकला, असा हुकूम. आणि मग घरी जाऊन चोवीस तास खरोखर स्वस्थ बसत — चूलसुद्धा पेटवत नसत. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाल्या, आठवडाभर मी जगाची, एक दिवस माझी.

आता दाराकडे येतो. किती वेळ टाळणार?

एका थंडीत ओवे गावची एक म्हातारी आपल्या बाळंतीण नातीच्या उशाशी होती. मिठागरात राबून हात फुटलेले, बोलणं गोड. “भाऊ, पोरीला वारा लागतंय. त्या दाराच्या फटी बुजवा ना. बाईंना आमी काय नाय सांगत.” बाळंतिणीला वारा लागू नये हे माझ्या आईनेही मला शिकवलेलं. बाकीच्या बायकाही तेच म्हणू लागल्या. भीड भिकेची बहीण. मी फटींत तरटाच्या पट्ट्या कोंबल्या. त्या निघू नयेत म्हणून दाराच्या वर एक आणि खाली एक अशी लाकडी पाचर ठोकली. सगळ्यावरून हिरवा रंग. म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

बाईंना वाटलं, दार नव्याने रंगवलं. त्या रोज कुलूप काढत राहिल्या.

मी दार तपासायचा वार बदलून शनिवार केला. कळलं ना, का? दर शनिवारी वहीत लिहायचो — ‘मागचे दार उघडून पाहिले, ठीक.’ रविवारी त्या विचारायच्या, “उघडतंय ना रे?” मी म्हणायचो, हो बाई. थंडी संपली, उन्हाळा आला, तरी पाचरी तिथेच. आज काढू, उद्या काढू. काढताना त्यांनी पाहिलं असतं तर काय सांगणार होतो?

एका शनिवारी दुपारी खोलीत आग लागली. बाई नाहीत हे बघून कुणीतरी खाटेखाली शेकायला शेगडी ठेवली होती — निखारे, वर ओवा. गादीने पेट घेतला, आणि ती खाट नेमकी पुढच्या दाराशी. आत पाच बायका आणि त्यांची पोरं. सगळ्या मागच्या दारावर जाऊन पडल्या. दार हलेना.

मी पहार घेऊन मागच्या बाजूला धावलो. वरची पाचर काढली. खालची निघेना. आतून हाका ऐकू येत होत्या. मग काच फुटल्याचा आवाज झाला. हन्नाबाई मागच्या गल्लीतच राहत. धूर बघून तशाच अनवाणी धावत आल्या होत्या, आणि बाजूच्या त्या बिनगजाच्या खिडकीची काच त्यांनी हाताने फोडली होती. एकेक पोर बाहेर घेतलं, मग बायका. सगळ्या वाचल्या. लोक पुढून बादल्या ओतत होते. मागे मी एकटाच. खालची पाचर निघाली तेव्हा आत कुणी नव्हतं.

इथे थांबलो असतो तर मी फक्त भित्रा आणि आळशी ठरलो असतो.

मी पट्ट्या आणि पाचरी लाकडांच्या ढिगात फेकल्या. ऑफिसात गेलो. खणातलं कुलूप घेतलं, परत आलो, कोयंड्यात घातलं आणि दाबलं. दाबलं की लागायचं ते, किल्ली लागत नसे.

कमिटीचे लोक संध्याकाळी आले. मागच्या दाराला कुलूप. किल्ली हन्नाबाईंच्या जुडग्यात. मला कुणी फारसं विचारलंच नाही. मी वही पुढे केली — त्या दिवसाची नोंद अजून व्हायची होती, गेल्या शनिवारपर्यंत सगळं ‘ठीक’.

बाईंच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं, त्यातून रक्त झिरपत होतं. त्या कुलपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काल घरी जायची घाई होती. मला वाटत होतं मी काढलं. विसरले मी.” खाई त्याला खवखवे म्हणतात, मी तिथे खांबासारखा उभा होतो.

कमिटीने त्यांना काढलं नाही. एवढी माणसं वाचवलेल्या बाईला कोण काढणार? पण त्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. बाळंतपण करायचा हात गेला, केसपेपरच्या खिडकीत बसू लागल्या. आणि त्यांनी स्वतःहून लिहून दिलं, मला शनिवारची सुट्टी नको. मुलगा रडला, प्रार्थनालयातली मंडळी समजवायला आली. ऐकलं नाही. सहा वर्षं दर शनिवारी सकाळी त्या येत, आधी मागे जाऊन दार ढकलून बघत, मग जागेवर बसत. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणत, “तू आहेस म्हणून बरं आहे रे भास्कर.”

दर शनिवारी. किती वेळा बोलता आलं असतं, मोजा.

पुढे मुलाबरोबर इस्राएलला गेल्या. तिथून पत्रं यायची, डाव्या हाताची वाकडी अक्षरं. माझ्या मुलीच्या बारशाला झबलं पाठवलं. एकदा लिहिलं होतं — इथे शनिवारी अख्खं गाव आपल्यासारखं स्वस्थ बसतं, लहानपणापासून मला हेच बघायचं होतं. पण मला बसवत नाही. मी उठून जवळच्या इस्पितळात जाते आणि बाळंतिणींच्या खोलीचं मागचं दार बघून येते. तिथल्या नर्सा मला हसतात, आणि चहा देतात.

मी उत्तर लिहिलं. इकडचं हवापाणी, मुलीचे दात, कुणाकुणाचा नमस्कार.

गेल्या साली मुलाचं पत्र आलं. बाई गेल्या. शेवटच्या दुखण्यात वार कळेनासे झाले होते, तरी मधूनच दचकून उठत आणि विचारत, कुलूप काढलं का? तो म्हणे, काढलं आई. त्यांचा विश्वास बसत नसे.

त्या शुक्रवारी कुलूप त्यांनी काढलं होतं. माझ्यासमोर खणात ठेवलं होतं. त्या काहीही विसरल्या नव्हत्या.