मीडियमचं माप

कटिंग मास्तरांनी आपल्या मेहुणीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही मुलगी आहे की वावटळ, हे ठरायलाच थोडा वेळ गेला. मास्तर लग्नाचं बोलणं करायला गेले होते. नवा कोट घालून, पोट आत ओढून खुर्चीच्या कडेवर बसले होते. समोर बिस्किटांची बशी आली. दाराआडून दोन वेण्या आल्या, त्यांच्यामागून एक फ्रॉक आला आणि बशी रिकामी झाली. मधे काय घडलं ते कुणालाच दिसलं नाही. पळापळ झाली, दुसरी बशी आली, तिचीही तीच गत. शेवटी मास्तरांच्या हातात एक बिस्कीट उरलं. ते त्यांनी चहात बुडवून वर काढलं, तर त्याचा भिजलेला भाग फ्रॉकवालीच्या तोंडात गेलेला.

"भावोजी, मला भिजलेलंच आवडतं," ती म्हणाली.

अजून कुणी होकार दिला नव्हता, पण ही भावोजी म्हणून मोकळी. मास्तर पुढे वर्षानुवर्षं सांगत, की आपण होकार दिला तो निव्वळ भीतीपोटी. नाही म्हटलं असतं तर पोरीने कोटाची बटणं खाल्ली असती.

मोठी झाल्यावर मेहुणी ताईकडेच राहायला आली आणि मास्तर कापड कापायला जात त्याच कारखान्यात मापाला उभी राहू लागली. कारखाना बायकांच्या तयार कपड्यांचा. नवा ड्रेस शिवून झाला की तो आधी एका हाडामांसाच्या बाईला घालायचा, टाचण्या लावून सैल-घट्ट बघायचं आणि मग त्यावरून पुठ्ठ्याचे पॅटर्न कापायचे. मधल्या मापात ही अशी चपखल बसली की सगळे तिला मीडियमच म्हणू लागले. मीडियम, चहा घे. मीडियम, खिडकी लाव. मास्तरांची तिच्यावर इतकी श्रद्धा, की सूर्य एखाद्या दिवशी उशिरा उगवेल पण मीडियमचं माप हलणार नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

एकदा मालक जाता जाता म्हणाले, की बाई, तुझं माप हललं तर आपला धंदा हलेल हं. सगळे हसले. मीडियमही हसली, पण ते वाक्य तिच्या मनात जाऊन बसलं. ती मापाला जपू लागली, घास मोजू लागली. जपता जपता अशी वेळ आली की तिने थांबायचं म्हटलं तरी थांबता येईना. घास समोर आला की तिला धडकी भरायची.

घरी ताईने वाढायला घेतलं की ती म्हणे, कारखान्यात भरपेट झालंय गं. कारखान्यात डबा उघडला की म्हणे, घरून दाबून खाऊन आलेय. ही दोन्ही वाक्यं ऐकायला दोन्हीकडे हजर असलेला इसम सबंध पृथ्वीच्या पाठीवर एकच होता, तो म्हणजे मास्तर. त्यांनी दोन्हीकडे मान डोलावली. कारखान्यात तर तिचा डबाही तेच संपवत.

नवे ड्रेस मीडियमला सैल होऊ लागले तेव्हा मास्तरांनी आधी कापडावर संशय घेतला. मग शिलाई मशीनवर. मग इस्त्रीवाल्याचा जबाब घेतला. मेहुणीचा संशय त्यांना स्वप्नातही आला नाही. ती तर माप होती, आणि माप कसं चुकेल? त्यांनी पॅटर्न बारीक केले. पुन्हा सैल. पुन्हा बारीक. हल्लीच्या कापडाचा छुपा स्वभाव आपण हुडकून काढला आहे, असं त्यांनी मोठ्या उत्साहात जाहीरही करून टाकलं.

शिवणाऱ्या बाया घामाने निथळत असताना मीडियम शाल लपेटून इस्त्रीच्या टेबलाला चिकटलेली असे. कंगव्यात केसांचे पुंजके येत. कारखान्यात टाचणी कुणाला टोचत नाही? सकाळपर्यंत विसरूनही जातो माणूस. पण मीडियमच्या खांद्याला टाचणीचा ओरखडा उठला तो खपली धरेना, चिघळतच राहिला. ताप मात्र तिला कधी येत नसे. साथ आली, सगळा कारखाना आडवा झाला, आणि ही खोकत का होईना, उभी. "आमची मेहुणी पोलादाची आहे," मास्तर डॉक्टरांकडच्या रांगेत नाक शिंकरत सांगत होते.

मग दुकानांतून गठ्ठे परत येऊ लागले. मीडियमचे ड्रेस जगातल्या कुठल्याच मीडियम बाईला होईनात. एका दुकानात म्हणे गिऱ्हाईक बाई अडकली आणि तिला सोडवायला कात्री मागवावी लागली. मालक लालबुंद झाले, आणि मास्तर पेटले. सगळ्यांना गोळा करून त्यांनी आपला टेप लोखंडी पट्टीला लावून दाखवला. टेप बरोबर. मग माळ्यावरून जुना पॅटर्न काढला, धूळ झटकली आणि नव्या पॅटर्नखाली ठेवला. जुना चारी बाजूंनी बाहेर डोकावत होता. चोर सापडायच्या बेतात आला म्हणून मास्तर अक्षरशः टाळ्या पिटू लागले. त्यांनी जुन्या पॅटर्नवरचा ड्रेस आणवला आणि मीडियमला घालायला लावला.

पडद्याआडून ड्रेस बाहेर आला. आत मीडियम कुठेतरी होती.

मशीनं थांबली. मास्तरांचे टाळ्या पिटणारे हात तसेच राहिले.

"भावोजी, मोठा कापलात," ती म्हणाली आणि खोकली.

"ड्रेस बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "तू आज काय खाल्लंस?"

मीडियमला धाप लागली होती. कुठलं वाक्य कुठे बोलायचं याचा गोंधळ उडाला.

"कारखान्यात खाल्लं की."

"अगं, आपण कारखान्यातच आहोत."

ती टेबलाला धरून हळूहळू खाली बसली. मालकांच्या गाडीतून तिला हॉस्पिटलात नेलं. वाटभर मास्तर तिच्या कपाळाला हात लावून म्हणत होते, ताप नाही, म्हणजे घाबरायचं कारण नाही. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, फोटो काढला. फुप्फुसात न्यूमोनिया चांगलाच पसरला होता.

"पण ताप नाहीये हो हिला," मास्तर म्हणाले.

"ताप यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्न मिळेना म्हणून हिच्या शरीराने एकेक खातं बंद केलंय. ऊब गेली, केस गेले, पाळी गेली, हृदय मंद चाललंय. रोगाशी लढणाऱ्या पेशीही कमी झाल्यात. बाहेरून शांत दिसतंय, कारण आत आरडाओरडा करायला कुणी उरलेलं नाही."

हा हट्ट नव्हे, आजार आहे, रागावून बरा होत नाही, हेही त्यांनी बजावलं. तेवढ्यात ताई पाच जणांचं जेवण असलेला डबा घेऊन धावत आली. तो नर्सने दारातच अडवला. उपाशी शरीरात एकदम भरपूर घातलं तर ते जिवावर बेतू शकतं, अन्न मोजून-मापून वाढवावं लागतं, हे कळल्यावर ताई डबा मांडीवर घेऊन बाकावर रडत बसली. मास्तर शेजारी बसले. डब्याला त्यांनी हात लावला नाही.

न्यूमोनिया औषधांनी हटला. जेवणाचं मात्र फार सावकाश. मनाच्या डॉक्टरांकडे जायचं, ठरलेल्या वेळी ठरलेलं खायचं, कधी ते ताटातच राहायचं, ताईने जीभ चावून गप्प बसायचं. महिने गेले. मग एका सकाळी मीडियमला साधी सर्दी झाली आणि अंग तापलं. मास्तरांनी थर्मामीटर उजेडात धरला, पुन्हा धरला आणि तसेच चप्पल न घालता जिन्यात धावले.

"ताप आला! आमच्या मेहुणीला ताप आला!"

शेजारचे दारं उघडून बघू लागले. मास्तर प्रत्येकाचा हात हातात घेऊन हलवत होते. एका आजोबांनी भीतभीत अभिनंदनही केलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, सर्दीवर लक्ष ठेवा, पण शरीराला पुन्हा ओरडता येतंय, हे चांगलंच.

"भावोजी, डोकं दुखतंय, ओरडू नका," मीडियम अंथरुणातून म्हणाली. मास्तरांच्या हातात चहात बुडवलेलं बिस्कीट होतं. ते तिने काढून घेतलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि अर्धं खाल्लं. तोवर मास्तरांचा चहा गार झाला.

मीडियम आता काज-बटणाच्या टेबलावर बसते, कारण मधलं माप आता तिला घट्ट बसतं. मापासाठी मालकांनी फायबरचा पुतळा आणला. परत आलेल्या ड्रेसवर स्मॉलची चिठ्ठी लावली, आणि ते सगळे खपले.