गफूरभाईंचं नाक आणि अकरा नंबरचा डबा

गफूरभाईंचं नाक खरं बोलतं. तोंडाची हमी मी देणार नाही.

कामशेतच्या बाजारपेठेत त्यांचं तांदळाचं दुकान, आणि बरोबर समोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. बावीस वर्षं समोरासमोर बसल्यावर माणूस कळायचा राहत नाही. शेतकरी पोतं घेऊन आला की गफूरभाई आत हात घालतात, मूठभर दाणे तळव्यावर चोळतात, त्यांवर तोंडानं गरम वाफ सोडतात आणि नाक लावतात. मग डोळे मिटून निकाल देतात. "वडिवळ्याचाच हाय, पर नव्यात जुना मिसळलाय." पोतंवाला मान खाली घालतो. इतकं नाक देवानं एका माणसाला दिलं आणि तो माणूस त्याच नाकासमोर बसून काय करतो, ते ऐका.

दुकानात दोन थप्प्या असतात. आतली 'गावची', बाहेरची 'गाडीची'. गावची म्हणजे अस्सल इंद्रायणी. एका घरात शिजला की चार घरांत कळतं. गाडीची म्हणजे शनिवार-रविवारी लोणावळा बघून परतताना गाडी बाजूला घेऊन "ओरिजिनल आहे ना?" असं विचारणाऱ्यांसाठी. तिच्यात निम्मा तांदूळ बिनवासाचा आणि पिशवीवर धरणाचं रंगीत चित्र. "धरनाच्या पान्यावरचा हाय सायेब, खास वडिवळ्याचा." वडिवळ्यात एवढा तांदूळ पिकवायचा तर धरण बुजवून त्यातही भात लावावा लागेल. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "ताई, इतक्या वर्सांत एकानंबी मूठ उचलून हुंगली न्हाई. ज्याला नाक न्हाई, त्याला वास कशापायी द्यायचा?" आणि मी हसले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला ते पटलंही होतं.

त्यांची मुलगी समरीन. बापाचं नाक घेऊन जन्मली आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी.ला गेली. प्रोजेक्टचा विषय काय निवडावा पोरीनं? बाजारात इंद्रायणी म्हणून विकल्या जाणाऱ्या तांदळाचा वास. तिचे गाईड सर लोणावळ्याला राहायचे आणि बहुतेक तिथेच असायचे. वीस ठिकाणचे नमुने आणायचे, सारखे शिजवायचे, झाकून नंबर टाकायचे आणि चार जणांनी नुसत्या वासावर गुण द्यायचे, अशी पद्धत होती. नंबर कुणाचा हे फक्त समरीनच्या वहीत. कॉलेजातली दोन नाकं तिला मिळाली, त्यातलं एक कायम सर्दीचं. तिसरं माझं. चौथं कुणाचं, हे सांगायला नकोच.

शुक्रवारी नमाजहून आल्यावर गफूरभाई माझ्या दुकानात टोपीसकट खुर्चीवर बसले. समोर वीस डबे. समरीनच्या आईनं, रशिदाभाभींनी, सकाळपासून वीस वेळा भात लावला होता आणि "वीस भात आन् एकालाबी कालवण न्हाई, असलं कसलं शिक्षन," असं म्हणून त्या घरी निघून गेल्या होत्या.

मी आपली सगळ्यांना सात-आठ गुण देत सुटले. गफूरभाई मात्र एकेक झाकण उचलून बोलत होते. "हा शेतातनं थेट आलाय. हा जुना. ह्याला पावसाची वल लागलीय." समरीन वही बघायची आणि तिची मान आपोआप हलायची. अकरावा डबा उघडला आणि गफूरभाईंनी नाक मागं घेतलं.

"छ्या! निम्मा भुस्सा हाय ह्यो. कुना चोराचा माल हाय गं?"

समरीननं वहीत बघितलं आणि वही मिटली. म्हणाली, "नंबर सांगायचा नसतो, अब्बा."

"नको सांगू. पर लिव. चोर म्हनून लिव."

तिनं लिहिलं. मी तिच्या शेजारीच होते आणि मला वाचता येतं.

पुढच्या वर्षी बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.चा अर्ज करायचा ठरलं. समरीनला दुसरं काही नको होतं. तिच्या बरोबरीच्या दोन मुली चाकणच्या कंपनीत लागल्या होत्या, मावशा स्थळं घेऊन येत होत्या, आणि हा अर्ज चुकला तर त्या मावशांना तोंड द्यायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं. अर्ज माझ्याच दुकानातून भरायचा होता. शिफारसपत्रासाठी गाईड सरांना फोन केला, तर सर म्हणाले, "तूच लिही, मी पाठवतो. फक्त इंग्रजी जरा माझ्यासारखं जड ठेव." पाठवायचंही त्यांना जमलं नाही, कारण त्यांचे फॉर्मही मीच भरते आणि त्यांच्या मेलचा पासवर्ड माझ्या वहीत असतो. म्हणजे आपली स्तुती आपण लिहायची आणि समोरच्या ज्योत्स्नाताईनं, म्हणजे मी, ती सरांच्या नावानं पाठवायची. याला म्हणतात उच्च शिक्षण. समरीननं स्वतःबद्दल 'बरी विद्यार्थिनी' एवढंच लिहिलं होतं. मी त्याचं 'अत्यंत हुशार' केलं. सरांनी नाही केलं तर कुणीतरी करायलाच हवं होतं.

मग आला शेवटचा प्रश्न. तुमच्या संशोधनात तुम्हाला अनपेक्षित असं काय सापडलं? पाचशे शब्दांत लिहा.

समरीननं लिहिलं ते वाचून मी माऊस सोडला. चौघांपैकी फक्त एका परीक्षकाचे वीसच्या वीस निकाल बरोबर निघाले, ते परीक्षक म्हणजे माझे वडील. ते व्यापारी आहेत, दहावी नापास आहेत. आणि त्यांनी सर्वांत कडक शब्दांत नाकारलेला नमुना क्रमांक अकरा हा त्यांच्याच दुकानातला होता.

"अगं, 'बाजारातलं एक दुकान' असं लिही," मी म्हटलं. "कोण येतंय बंगळूरहून बघायला?"

"ताई, गाडीवाल्यांबद्दल अब्बा हेच म्हणतात, कोण हुंगतंय?"

राग आला, आणि तो तिचा नव्हता.

अर्जाचा शेवटचा दिवस, पाचची वेळ. साडेतीनला गफूरभाई येऊन बसले. "काय लिव्हलंय ते मराटीत वाचून दाखव. माझ्या पोरीचा अर्ज हाय, मला कळाय पायजे." समरीन माझ्याकडे बघत राहिली. मी वाचायला लागले. व्यापारी, वीसच्या वीस, इथपर्यंत आल्यावर गफूरभाईंनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. पुढचं वाक्य मी गिळलं आणि थेट शेवटाला गेले. बावीस वर्षांचा शेजार होता, जड गेलं.

"थांब," ते म्हणाले. "त्या अकराचं काय झालं? मी चोर म्हनलो हुतो, ते न्हाई लिव्हलं?"

मी स्क्रीनकडे बघितलं. समरीन म्हणाली, "लिहिलंय, अब्बा. ताईंनी वाचलं नाही."

"मंग वाच की. कुनाचा माल व्हता?"

"आपला. गाडीचा."

समोर गफूरभाईंच्या दुकानापुढे एक पांढरी गाडी येऊन थांबली होती आणि आतला माणूस काच खाली करून हाका मारत होता. ते उठले नाहीत. हॉर्न वाजला, मग गाडी निघून गेली. बावीस वर्षांत गफूरभाईंनी गिऱ्हाईक सोडलेलं मी तेवढंच बघितलं.

"ह्ये काढलं तर नंबर लागंल?" त्यांनी विचारलं.

"लागेलही," समरीन म्हणाली. "पण काढलं तर वीसच्या वीस कसे सांगू? एकोणीस होतील."

त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. बदनामी एका बाजूला आणि वीसपैकी वीस दुसऱ्या बाजूला. "वीस राहू दे," ते म्हणाले आणि उठून गेले. माणूस सुधारला असं वाटून माझे डोळे भरून आले. मी पाचला दहा मिनिटं कमी असताना बटण दाबलं.

नंबर लागला. मुलाखतीत म्हणे त्या लोकांनी अर्धा वेळ तिच्या वडिलांबद्दलच विचारलं. बातमी आली त्या संध्याकाळी रशिदाभाभींनी अख्ख्या आळीला शिरखुर्मा वाटला. आठवड्यानं गफूरभाईंनी दुकानात नवा फलक लावला: 'अस्सल इंद्रायणी. वीसपैकी वीस. बंगळूरच्या शास्त्रज्ञांची मान्यता.' फलक बाहेरच्या थप्पीवर होता, गाडीच्या. त्या दिवशी डोळ्यांत आलेलं पाणी मला परत हवं होतं. छपाई माझ्याच दुकानातली, म्हणून मी फार बोलू शकले नाही.

समरीन निघाली त्या दिवशी दुकानासमोर रिक्षा उभी होती. गफूरभाई आत गेले आणि पाच किलोची पिशवी घेऊन आले. कापडी, कोरी, धरणाचं चित्र नसलेली. तिचं तोंड त्यांनी स्वतः शिवलं होतं. "आतल्या थप्पीतला हाय. तिकडं असला मिळायचा न्हाई."

समरीननं पिशवी घेतली. मग रिक्षात ठेवण्याआधी शिवण जराशी उसवून दोन बोटांनी दाणे काढले, तळव्यावर चोळले, त्यांवर गरम वाफ सोडली आणि नाक लावलं. कशासाठी, हे तिला तरी कळलं होतं की नाही कोण जाणे. हाताची सवय असेल. तांदूळ अस्सल होता, मला रस्त्याच्या पलीकडे वास आला.

"चांगला आहे, अब्बा," ती म्हणाली.

"व्हय," गफूरभाई म्हणाले.

रिक्षा गेली. ते माझ्या दुकानात येऊन बसले, कामाशिवाय. बराच वेळ फलकाकडे बघत होते. मग म्हणाले, "ताई, पयल्यांदा कुनीतरी माझा माल हुंगून घेतला."

त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं, आणि तेवढ्यात समोर एक गाडी थांबली.