खंडेनवमीचा अल्टरनेटर

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरापुढे उभी असलेली जुनी हिरवी गाडी माझी आहे. नवऱ्याची नाही, माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण येणारा-जाणारा प्रत्येकजण तिचं कौतुक त्याच्याकडे करतो आणि तोही खुशाल हसून घेतो.

गेल्या सप्टेंबरात तिच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला तो विझेचना. चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. भर पावसात गाडी रस्त्यात बंद पडली, आणि नेमका नवरा सोबत. घरी आल्या आल्या त्याने पलीकडच्या गल्लीतल्या, जुन्या गाड्यांच्या हौशी गृहस्थाला फोन करून शब्द दिला: दसऱ्यापर्यंत चालू झाली नाही तर गाडी तुमची. मला न विचारता! माझं डोकंच सटकलं.

"अगं, तू भूलतज्ज्ञ होतीस, मेकॅनिक नाहीस," तो म्हणाला.

"आयुष्यभर माणसं झोपवली आणि परत उठवली," मी म्हटलं. "हे तर यंत्र आहे."

बोलून तर बसले, आता करून दाखवणं भाग होतं. रिटायर झाल्यावर फक्त माझ्यासाठी म्हणून घेतलेली ती एकच गोष्ट. ती दुसऱ्याच्या दारात उभी दिसली असती तर मला ते सोसलं नसतं.

डायनिंग टेबलावर जुने पेपर पसरून मी अल्टरनेटर उघडला. आधी दोन्ही झाकणांवर मार्करने खुणा केल्या, फोटो काढले, मग लांब बोल्ट सैल केले. आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते आणि पुढचं बेअरिंग जात्यासारखं घरघरत होतं. नवीन सामान ऑनलाइन मागवलं. नवीन बेअरिंग फ्रीझरमध्ये ओल्या नारळाशेजारी ठेवलं, म्हणजे ते आकसतं. झाकण ओव्हनमध्ये तापवलं, म्हणजे ते प्रसरण पावतं. बाहेर काढलं आणि हातमोजे घालून नुसतं दाबलं तर बेअरिंग अलगद जाऊन बसलं. मी एकटीच स्वयंपाकघरात "वा गं बाई!" म्हणून ओरडले. पहिल्यांदा एकटीने ऑपरेशनची केस सांभाळली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता, खरं सांगते.

मग ॲल्युमिनियम घासून घासून चांदीसारखं केलं, पंख्याला काळा रंग दिला, सगळं जोडलं. जोडताना पडलेल्या ओरखड्यांवर लॅकरच्या रोगणाचा शेवटचा हात मारला आणि ते वाळायला ठेवून झोपायला गेले.

सकाळी खाली आले तर माझ्या अल्टरनेटरवर हळद, कुंकू, भरपूर अक्षता आणि वर एक शेवंतीचं फूल! ओल्या लॅकरमध्ये कुंकू मस्त रुतून बसलेलं. खंडेनवमी होती आणि सासूबाईंनी पूजा उरकली होती.

"अहो आई, हे काय करून ठेवलंत!" माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असणार.

त्या जराही हलल्या नाहीत. "हत्यारांची पूजा करतात आज. त्याचा स्टेथोस्कोप मांडला, मग तुझं नको मांडायला?"

आम्ही दोघंही डॉक्टर, पण इतकी वर्षं पाटावर स्टेथोस्कोप त्याचाच असायचा. माझा बॅगेतच राहायचा, आणि मीही कधी बोलले नव्हते. कुंकू पुसायला घेतलेला बोळा मी खाली ठेवला. राहू दे म्हटलं तसंच.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अल्टरनेटर गाडीत बसवला, पट्टा ताणला, चार्ज करून घेतलेली बॅटरी जोडली, चावी फिरवली. इंजिन लागलं, पण अल्टरनेटरमधून टक-टक-टक-टक! नवरा दारात फोन हातात घेऊन उभा. "करू का त्यांना फोन?" असं हळूच विचारतो. मी पाना उचलला. परत सगळं काढलं, आणि यावेळी हात असे झरझर चालले की माझं मलाच नवल वाटलं. पंख्याच्या मागे अक्षतांचे दाणे अडकले होते! त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, एकेक चिमट्याने उपसला आणि पुन्हा चावी फिरवली.

इंजिन गुरगुरलं. लाल दिवा विझला. बॅटरीला मीटर लावला, तर चौदा व्होल्टच्या जरा वरच. नवऱ्याने दोनदा वाकून आकडा वाचला, मग बाजूला जाऊन त्या गृहस्थांना फोन लावला. "सॉरी," तो म्हणत होता, "माझ्या बायकोने दुरुस्त केली. हो हो, स्वतः. घरीच." अशी छाती फुगली माझी!

संध्याकाळी मराठी मंडळात सोनं वाटायला निघालो. सासूबाई साडीवर कोट आणि पायात ट्रेनर्सचे बूट घालून बाहेर आल्या. सून म्हणून मी या घरात आल्यापासून त्या गाडीत कधी लेकाशिवाय कुणाच्या शेजारी बसल्या नव्हत्या. मी स्टिअरिंगवर बसले. नवऱ्याने सवयीने माझ्या शेजारचं दार उघडून आत पाय ठेवला.

"तू मागे हो रे," सासूबाई त्याला म्हणाल्या. "मी माझ्या सुनेशेजारी बसणार."