आळ भाकरीच्या वाफेवर

ही वही कुणी उघडलीच, तर माझं अक्षर आणि चुका पोटात घाला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. आमच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीपासून कानडी, तीही लांब, म्हणून माझं शिकणं तिथंच थांबलं. पुढं सगळी वर्षं पीठ थापण्यात गेली, बोटं जाड झाली, पेन नीट धरवत नाही. अक्षराची माफी मागते. पुढं जे लिहिणार आहे त्याची मागणार नाही.

मी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करते. पातळ थापायच्या, तव्यावरून उतरवून चुलीपाशी उभ्या ठेवायच्या, पापडासारख्या वाजल्या पाहिजेत. रोज शंभर. त्या हुमनाबादच्या एका खानावळीत जातात. नेतात आमचे मालक, आमच्या जुन्या गाडीतून. हळ्ळीखेडहून चार नोकरीवाल्यांना ते रोज सकाळी हुमनाबादला सोडतात. मागं सामानाच्या जागेत माझी टोपली असते.

गेल्या पौषात गाडीची पुढची काच आतून पांढरी व्हायला लागली. बाहेर रस्ता स्वच्छ आणि आत धुकं. मालक एका हातानं फडकं फिरवायचे, पुसलेलं कोसभरात पुन्हा भरायचं. एके दिवशी मीही पुढच्या सीटवर होते. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही. मालकांना ती दिसलीच नाही, मी ओरडले म्हणून ब्रेक दाबला. उसाची वाढं बॉनेटला घासली. मागचे चौघं गाडी थांबल्यावर खाली उतरले आणि त्यातले दोघं त्या दिवशी बसनं पुढं गेले.

मालक गाडी घेऊन गॅरेजला गेले. मिस्त्रीनं मागचं दार उघडलं आणि विचारलं, "अण्णा, हे टोपल्यात काय न्यायलाव रोज?"

"भाकरी."

"मग झालं की! गरम भाकरीची वाफ काचेला बसायलीय. त्यात एसीचा गॅस गेलाय, पंखा थकलाय."

गॅस भरला, पंखा बदलला. छत्तीसशे रुपये. मालक घरी येऊन म्हणाले, "तुझ्या भाकरीपायी झालंय, तुझ्या डब्यातले दे. आन् उद्यापासून टोपली गाडीत न्हाई."

"कामून?"

"वाफ सुटायलीय तिची."

"कडक भाकरीला कसली वाफ? मोडून बघा."

"मिस्त्रीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. शिकलाय तो."

"कितवी?"

मालकांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. "सातवी," म्हणाले.

पैसे मी दिले. टोपली घरी राहिली. बसचा कंडक्टर टोपली टपावर टाका म्हणायचा, आणि टपावर कडक भाकरीचा चुरा होतो. खानावळवाल्यानं निरोप पाठवला की आठवडाभरात माल आला नाही तर दुसरीकडून घेतो. माझी एवढीच एक कमाई, आणि ती न केलेल्या वाफेपायी जायला निघाली होती.

टोपलीशिवाय गाडी तीन दिवस गेली. काच तशीच पांढरी. मालक म्हणाले, "मुरलेली वाफ हाय ती."

"वाफ काय लोणचं हाय मुरायला?" मी म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मी त्यांना कधी बोलले नव्हते.

आमच्याकडं तुरीची पोती लावायच्या आधी जमिनीवर ताट पालथं घालतात. सकाळी उचलून बघायचं. ताटाला आतून घाम आला असेल तर तिथं पोतं लावायचं नाही, खाली ओल आहे. मी चार ताटं घेतली. रबरी पायपुसणी काढून पाय ठेवायच्या चार जागी एकेक पालथं घातलं, पाचवी परात मागं टोपलीच्या जागी. काचा बंद करून गाडी दुपारी उन्हात उभी केली. शेजारणी बघून हसायल्या. एक म्हणाली, "अक्का, गाडीला जेवायला वाढायलाव काय?" मला लाज वाटली, पण मी ताटं काढली नाहीत.

दोन तासांनी उचलली. परात कोरडी. तीन ताटं कोरडी. पुढचं डावीकडचं ताट आतून असं घामेजलं होतं की उचलल्यावर थेंब माझ्या पायावर पडले.

तिथला जाड नमदा हातानं दाबला तर पाणी वर आलं, भिजल्या गोधडीसारखं. पाण्याला गोडसर वास नव्हता. इंजिनातलं हिरवं पाणी गळत असतं तर आला असता, हे मालकांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे हे साधं पाणी. पौषात पाऊस कुठला? मग मला आठवलं, मालक रोज पहाटे पुढच्या काचेवर बादली उपडी करतात.

मी आत बसले आणि त्यांना म्हणाले, "घाला पाणी."

"आता? दुपारी?"

"घाला म्हणते ना."

त्यांनी बादली ओतली. जरा वेळानं आत, डाव्या बाजूला, डॅशबोर्डखालच्या पुठ्ठ्याच्या आडून पाण्याची बारीक धार खाली उतरली. मी त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि ती दाखवली. उठून त्यांनी बॉनेट उघडलं. वायपरच्या खालच्या पन्हाळीत कडुलिंबाचा पाला कुजून बसला होता. आमची गाडी लिंबाखालीच उभी असते. पाणी बाहेर जायचं भोक बुजलं होतं, म्हणून ते आत शिरत होतं. पाला मी हातानं काढला, भोकात तार घातली. नमदा सोडवून पत्र्यावर चार दिवस वाळवला. काचेवर आतून उदबत्तीच्या धुराचा तेलकट थर होता, त्यालाही वाफ धरते, तो साबणानं धुतला. आणि धूळ नको म्हणून मालक बाहेरच्या हवेची खिट्टी कायम बंद ठेवायचे, ती उघडायला लावली.

पाचव्या दिवशी टोपलीसकट गाडी गेली. काच आरशासारखी राहिली.

मालक म्हणाले, "झालं न्हवं आता? जाऊ दे पैसे."

मी म्हणाले, "न्हाई."

त्यानंतरच्या सोमवारी खानावळीत भाकऱ्या देऊन मी गॅरेजात गेले. मिस्त्रीला म्हणाले, "भाकरीची वाफ नव्हती. पैसे द्या." एवढंच घोकून गेले होते.

"अक्का, गॅस भरलोय मी. आता काय काढून देऊ?"

"काढून घ्या. पंखाबी घ्या."

तो हसला. मला पुढं बोलता येईना, म्हणून मी एका जुन्या टायरवर पदर घेऊन बसले. गिऱ्हाईक आलं, विचारलं, "या अक्का कामून बसल्यात?" मी जमिनीकडं बघितलं. गिऱ्हाइकानं मिस्त्रीकडं बघितलं. असं दुपारपर्यंत चाललं. पुढच्या सोमवारीही गेले. तो वैतागून म्हणाला, "अवो, भांडा तरी! शिव्या द्या! असं मुकं बसून माझं दुकान बुडवायलाव."

मला भांडता येत नाही. बसता येतं.

तिसऱ्या सोमवारी त्यानं एक हजार दिले आणि वर म्हणाला, "एवढ्यावर मिटवा." मी पैसे घेतले आणि पुन्हा टायरवर बसले. नंतर दोनदा आठ-आठशे दिले. मध्ये एक सोमवार तो गॅरेज बंद करून कुठंतरी गेला, मी बंद शटरपुढं बसले. पुढच्या खेपेला मी टायरपर्यंत पोचायच्या आधीच तो बाहेर आला. दोन पाचशेच्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "घ्या अक्का, फिटलं. वाफ नव्हती तुमच्या भाकरीची."

मी तिथंच उभं राहून हिशेब केला. छत्तीसशे पुरे झाले होते.