शंका विचारल्याशिवाय सुट्टी नाही

माझ्या साडूंइतकी प्रशिक्षणं घेतलेला मास्तर या भूतलावर दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि आम्ही दोघं आंबेगाव तालुक्यातल्या एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांवर शिक्षक. त्यामुळे या गृहस्थापासून मला ना शाळेत सुटका होती ना सणावाराला. वयानं ते चांगले थोरले, पण पहिल्या दिवसापासून मला 'पावणं' म्हणायचे. वीस पावलांवरच्या वर्गातून खडू मागायला आले तरी 'पावणं, एक खडू द्या.' नव्वदच्या दशकात शिक्षकांना घडवण्याची एक लाटच आली होती. दर दोन महिन्यांनी घोडेगावला बोलावणं यायचं. बाकीचे शिक्षक दाढ काढायला निघाल्यासारखे एसटीत बसायचे. साडू मात्र स्वतःच्या वरातीला निघाल्यासारखे निघत. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, कानामागे अत्तर, आणि पिशवीत बसायला एक गोधडीचा तुकडा, कारण 'ज्ञान घेताना बूड दुखायला नको.' जागा ठरलेली, दुसरी रांग, खिडकीशेजारी. माइकमागे उभ्या असलेल्या तज्ज्ञ मार्गदर्शकाकडे ते असे बघत, जसा एखाद्यानं गावच्या जत्रेत कुस्तीचा फड बघावा. मनात एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी मला परतीच्या एसटीत कितीदा तरी सांगितली होती. "पावणं, एकदा तरी त्या बाजूला उभं राहायचंय. एकदाच. मग मी रिटायर व्हायला मोकळा."

प्रशिक्षण संपवून लोक घरी येतात. साडू प्रशिक्षण घेऊन घरी येत, हा फरक आहे. एकदा घोडेगावला सांगितलं, की आधुनिक शिक्षकाला 'प्रबलन' जमलं पाहिजे, म्हणजे मुलानं काहीही केलं तरी त्याला लगेच शाबासकी द्यायची. दुसऱ्या दिवसापासून साडूंच्या तोंडून 'छान', 'उत्तम', 'शाब्बास' असा पाऊस सुरू झाला. मुलांपुरतं ठीक होतं. पण त्यांनी दाढी करणाऱ्या न्हाव्याला शाब्बास म्हटलं, वळणावर ब्रेक मारणाऱ्या एसटी ड्रायव्हरला 'उत्तम' म्हटलं. शाळेच्या ओसरीवर एक जण दुपारीच झोकून आडवा झाला होता. तो भिंतीला धरून उठायला लागला, तेव्हा "छान, अजून थोडा प्रयत्न," असं म्हणून त्याला उभा केला. तो माणूस पुढे गावभर सांगत सुटला, की आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं. घरी आक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, हातून एकदा आमटी खारट झाली. साडूंनी भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाले, "छान प्रयत्न." त्यानंतर आक्का त्यांच्याशी इतके दिवस बोलल्या नाहीत, की निरोप पोचवायला माझ्या बायकोला रोज जावं लागलं.

पुढचं प्रशिक्षण शैक्षणिक साहित्याचं. परिसरातल्या वस्तू वापरून शिकवा, असं सांगितल्यावर साडूंनी परिसराची सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केली. वर्तुळ शिकवायला पोळपाट, वृत्तचिती शिकवायला लाटणं, शंकू शिकवायला तेलाचं नरसाळं. वर्तुळाचा पाठ अगदी रंगात आला होता, तेवढ्यात दारात आक्का उभ्या. मी शेजारच्या वर्गातून सगळं ऐकत होतो.

"पोळपाट द्या."

"अहो, त्रिज्या चाललीय."

"चालू द्या. घरी पावणं जेवाया बसल्यात. पोळ्या काय मांडीवर लाटू?"

आक्का वर्तुळ काखेत मारून गेल्या. साडू जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "मुलांनो, वर्तुळाला सुरुवात नसते, शेवट नसतो. मालकीण असते."

पण साडूंची खरी ख्याती, आणि खरी बदनामी, दुसऱ्याच गोष्टीसाठी होती. प्रशिक्षणाचा शेवट कसा असतो ते शिक्षकाला विचारा. संध्याकाळ व्हायला आलेली असते, डोंगरातल्या गावांच्या एसट्या स्टँडवर लागलेल्या असतात, सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर आलेल्या असतात, आणि मार्गदर्शक शिष्टाचार म्हणून विचारतात, "काही शंका?" या प्रश्नाला गप्प राहणं हे आपल्याकडचं सर्वमान्य उत्तर. त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून एक हात वर जायचा. "एक शंका होती." सभागृहातून जो उसासा निघायचा, त्यानं खिडक्यांचे पडदे हलत. डोंगरातल्या शाळेवरचे एक गुरुजी होते, उंच, मिशाळ, तोंडाचे फटकळ. साडूंच्या शंकेपायी त्यांची शेवटची गाडी दोनदा चुकली होती. ते मला म्हणाले, "तुमच्या साडूला सांगा, एक दिस मी त्याच्या उरावर बसून त्याची शंका फेडीन." मी साडूंना विचारलं, कशाला हो एवढ्या लोकांचे शाप घेता? ते म्हणाले, "पावणं, माणूस घसा सुकवून दिवसभर बोललाय. त्याला कुणीच काही विचारायचं नाही? असं एकट्याला टाकून यायचं?"

हाच न्याय त्यांनी वर्गाला लावला होता. शाळा सुटली की साडू वर्गाच्या उंबऱ्यावर बसत. एकेका मुलानं त्यांच्यापाशी यायचं, एक शंका विचारायची आणि मगच बाहेर पडायचं. शंका नाही तर सुट्टी नाही. उत्तर आलं तर ते सांगत, नाही आलं तर सरळ म्हणत, "माहीत नाही. विचार करून सांगतो," आणि खरंच सांगत. सुरुवातीला गावात हाहाकार झाला. पोरं दुपारपासूनच शंकेच्या काळजीत. आया सकाळी भाकरीबरोबर एक शंका बांधून देऊ लागल्या. सरपंच सकाळी दात घासत ओट्यावर बसले की पोरं घेराव घालत, "आबा, एखांदी शंका असंल तर द्या की." लेण्याद्रीला सहल गेली, तिथली मूर्ती पाठमोरी आहे असं सांगतात. पायऱ्या उतरण्याआधी एकानं विचारलं, "गुरुजी, आमी वर्गात पाठ करून बसलो तर तुमी रागावता. मंग गणपतीला कोण का बोलत न्हाई?" साडू म्हणाले, "माहीत नाही," आणि परतीच्या गाडीत जुन्नर मागे पडलं तरी कपाळाला आठ्या घालून बसले होते. पुढे शाळेत कॉम्प्युटर आला. साडूंनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि शिकता शिकता एकदा काहीतरी पुसायला गेले, तर पडद्यावर विचारणा आली, नक्की पुसायचं का? साडू खुर्चीतून उठले. "पावणं, इकडं या. यंत्र असून शंका विचारतंय. आणि आपली माणसं बघा."

या उंबऱ्यावर रोज सगळ्यात शेवटी एक मुलगी उरायची. मेंढरं पाळणाऱ्या घरातली, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. रोज साडू विचारत, "शंका?" आणि ती रोज मान हलवून म्हणे, "न्हाई सुचत गुरुजी." मग साडू उंबऱ्यावर जरा बाजूला सरकत, ती त्यांच्या शेजारी बसे, आणि दोघं डोंगराकडे बघत बराच वेळ बसून राहत. मला वाटायचं, पोर जरा मंद असावी. एक दिवस मधल्या सुट्टीत बघतो, तर हीच मुलगी कडुनिंबाखाली बसून अर्ध्या वर्गाला शंका वाटत होती. बोरं द्या, शंका घ्या. आणि शंकाही कशा, एकाहून एक. मी धावत जाऊन साडूंना ही लबाडी सांगितली.

"माहीताय मला," ते म्हणाले.

"मग तिला बोलत का नाही?"

"घरी गेली की तिला मेंढरं वळायला जावं लागतं. जरा बसू द्या की, पावणं."

तर अशा माणसाला अखेर घोडेगावहून ते बोलावणं आलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. विषय होता 'आधुनिक वर्गातील शिक्षकाची कौशल्ये', आणि तज्ज्ञ म्हणून साडू. जमलं तर पुढे कायमचे मार्गदर्शक, असं तिथल्या शिक्षण विभागाच्या साहेबांनी सुचवलं होतं. साडूंनी आठवडाभर आक्कांना समोर बसवून सराव केला. आक्का लसूण सोलत ऐकत. कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं तयार केली, नवा बुशशर्ट शिवला. आणि वेळ मिळाली कुठली, तर जेवणानंतरची. जेवणात जिलबी. त्यात साडूंनी पहिलं चित्र पडद्यावर आणलं आणि लोडशेडिंगची वीज गेली. पडदा गेला, पंखे गेले, माइक गेला. तरीही साडू बोलले. पोळपाट सांगितला, प्रबलन सांगितलं, कॉम्प्युटरची शंका सांगितली, आवाज चढवून, घाम पुसत, मनापासून बोलले. मला तरी वाटलं, फार चांगले बोलले. शेवटी त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य उच्चारलं. "काही शंका?"

सगळे गप्प. आणि ही नेहमीची शांतता नव्हती. जेवताना त्या मिशाळ गुरुजींनी पंगतीत फिरून सगळ्यांना बजावलं होतं, आज याला कुणी एक अक्षर विचारायचं नाही. साडूंनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हाताने मला थांबवलं. नात्यातली शंका त्यांना चालणार नव्हती. चेहरा असा झाला होता, जणू सासरच्या मांडवात नवरदेवाला कुणी पाणीही विचारलं नाही. मग त्यांनी काय करावं? व्यासपीठावरची खुर्ची उचलली, चालत आले, सभागृहाच्या एकुलत्या एक दारात ती मांडली आणि तिच्यावर बसले. रोजची सवय, दुसरं काय. "घाई नाही," ते म्हणाले. "सुचेल तसं या."

साहेब घड्याळ बघू लागले. स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. मिशाळ गुरुजी पिशवी घेऊन उठले, दाराशी गेले, परत येऊन बसले. पुन्हा हॉर्न. शेवटी डोंगराकडच्या गाडीचा कंडक्टरच तिकिटांची पेटी घेऊन दारात आला.

"ओ गुरुजी लोक, गाडी सोडू का? आन् तुमी दारात का बसलाय राव?"

"शंका विचारली की जायचं, असं आहे," साडू म्हणाले.

कंडक्टरनं आत बघितलं, मग साडूंकडे बघितलं. "मंग माझीच एक हाय. इचारू का? माझं पोरगं चौथीला हाय. शाळेत लई हुशार म्हनत्यात. पन घरी माझ्यासंगं बोलतच न्हाई. 'काय शिकला' इचारलं की 'समदं' म्हनतं आन् पळतं. आसं का?"

साडूंनी खुर्ची जरा कंडक्टरकडे वळवली. सभागृह कान देऊन ऐकत होतं. "माहीत नाही," ते म्हणाले. "विचार करून सांगतो."

कुणीतरी खुदकन हसलं. पण मिशाळ गुरुजी हसले नाहीत. ते उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला आणि साडूंशी भांडायला निघाल्यासारखे म्हणाले, "माझ्याबी वर्गात एक पोरगी हाय. वर्ष झालं, एक शबुद बोलली न्हाई. मी लई रागावलो, लई समजावलं. काय करू, ते सांगा." एवढं बोलून ते खाली बसले, पण त्यांच्यामागून एक हात वर गेला, मग दुसरा. ज्यांना वर्षानुवर्षं कुठलीच शंका नव्हती, त्या माणसांच्या पोटातून काय काय निघालं. एकाला गणित शिकवायचीच भीती वाटत होती. एका बाईंना गैरहजर मुलांच्या घरी जायला लाज वाटत होती. कंडक्टर दाराला टेकून ऐकत होता आणि गाडी थांबली होती. साडूंनी निम्म्या शंकांना उत्तरं दिली आणि निम्म्यांना "माहीत नाही" म्हटलं.

हे 'माहीत नाही' साहेबांना खटकलं. तज्ज्ञानं असं म्हणायचं नसतं, असं त्यांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं. "मग तज्ज्ञाला नाही आलं, तर तो काय म्हणतो?" साडूंनी विचारलं. ही त्यांची खरीखुरी शंका होती. त्यांना पुन्हा कधी त्या बाजूला उभं केलं नाही.

मला वाटलं, माणूस खचेल. पण राहिलेली उत्तरं देणं बाकी होतं. पुढे कितीतरी रविवार साडू घोडेगावहून डोंगरातल्या गाड्यांमध्ये बसून जात आणि एकेका गुरुजीला गाठून उत्तर देत. कंडक्टरला त्यांनी चालत्या गाडीत सांगितलं, की पोराला तुम्ही तिकीट तपासल्यासारखं विचारता. तुम्हाला खरंच येत नाही असं काहीतरी त्याला विचारून बघा. कंडक्टरनं पोराला नव्या मोबाइलचा गजर लावायला विचारलं. पोरानं गजर लावून दिला आणि विचारलं, "बाबा, तुमी दिसभर हुबं ऱ्हाता, पाय दुखत न्हाईत का?" हे सांगताना कंडक्टरनं साडूंचं तिकीट फाडलं नाही. साडूंनी ते फाडायला लावलं.

आता साडू निमगाव सावाला शेतावर असतात. ऐकू कमी येतं, गुडघे बोलतात. भेटायला गेलो की निघताना ते माझ्याआधी काठी टेकत दाराशी पोचतात, उंबऱ्यावर बसतात आणि वर बघून विचारतात, "काही शंका, पावणं?" ती दिल्याशिवाय माझी सुटका नसते, म्हणून मी आठवडाभर आधीपासून एक तयार ठेवतो. मागच्या खेपेलाही खिशात चांगली ठेवणीतली शंका होती. बाहेर ऊन उतरलं होतं, कांद्याच्या वाफ्यात पाणी चाललं होतं, रस्त्यावर माझ्या एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. तो त्यांना ऐकू आला नसावा.

"शंका?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "न्हाई सुचत गुरुजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उंबऱ्यावर जरा बाजूला सरकले.