मन्मथअप्पांचं पारायण

"ओलावा लई. माती लई. डागी दाण्याचं तर विचारूच नका. नापास!"

मन्मथअप्पांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी लातूरला त्यांच्या घरी वरची खोली भाड्यानं मिळते का बघायला गेलो होतो. दार उघडं होतं. आत धोतर-बंडीतले एक सत्तरीचे गृहस्थ पाटावर बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात रिमोट आणि मांडीवर पालथं घातलेलं कॅलेंडर. मला वाटलं, टीव्हीवर बाजारभाव चालले असतील. पण पडद्यावर चंदेरी कपड्यांतली चार माणसं एका पुठ्ठ्याच्या अंतराळयानात बसून परग्रहाकडे बोटं दाखवत होती. यानाच्या छताला पंखा होता आणि तो फिरत होता.

"सर हाव का? या. क्लासवरनं फोन आलता," माझ्याकडे न बघता अप्पा म्हणाले. "फिजिक्सवाले न्हवं? मग एक खुलासा करा. अंतराळात पंखा लावला तर वारा लागंल का?"

"हवाच नसते ना तिथं. पण यानाच्या आत हवा असली तर लागेल."

"म्हंजे पंखा पास," असं म्हणून त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी खरडलं. खोली मला मिळाली ती या एका उत्तरावर. नांदेडला विष्णुपुरीत चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, त्याचा एवढा थेट उपयोग मला पुन्हा कधी झाला नाही.

अप्पांनी धान्याच्या मोंढ्यात चाळीस वर्षं आडत चालवली. शेतकऱ्याचा माल आला की लोखंडाची टोकदार नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, एक दातानं फोडायचा आणि प्रत सांगायची. हा त्यांचा धंदा, आणि हाच त्यांचा जीवनाकडे बघायचा चष्मा. 'यान नंबर नौ' ही सव्वीस भागांची जुनी हिंदी मालिका त्यांच्या ऐन उमेदीत लागायची. पेढीवर टीव्ही होता, पण गिऱ्हाइकं, हमाल, फोन यांच्या गडबडीत प्रत्येक भागाचे तुकडेच पदरी पडले. पुढे कुणीतरी अख्खी मालिका पेनड्राइव्हवर घालून दिली, आणि अप्पांनी तिचं पारायण सुरू केलं.

पारायण हा शब्द मी गमतीनं वापरत नाही. श्रावण लागला की काकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, देवघरात पोथी लावायच्या आणि अप्पा बाहेरच्या खोलीत यान. तीस दिवसांतले चार सोमवार देवळाचे. उरले सव्वीस, भागही सव्वीस. हा हिशोब साक्षात महादेवानं जुळवून दिलाय असं अप्पांचं मत होतं. ज्या वर्षी पाच सोमवार येत, त्या वर्षी ते एका दिवशी दोन भाग उरकायचे. काकू म्हणायच्या, "त्यास्नी सांगा सर, ह्या पारायणाला पुण्य लागत न्हाई." त्यावर अप्पांचं ठरलेलं उत्तर, "तुझ्या पोथीत देव आकाशात जातो, माझ्या यानात माणूस जातो. तिकीट दोघांचं सारखंच."

प्रत्येक भागाला शेरा. ओलावा म्हणजे रडारड. माती म्हणजे उगीच भरलेलं सामान: गाणी, स्वप्नं, कप्तानाची भाषणं. डागी दाणे म्हणजे खोटेपणा. पाचव्या भागात चंद्रावरून एक पाल सरसरत जाते. सेटवरची असणार. मला वाटलं, अप्पा इथं तरी नापास करतील. पण त्या भागाला सगळ्यात वरची प्रत होती. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, सगळ्या मालिकेत खरी जीवसृष्टी तेवढीच हाय."

पण या थोर परीक्षकाची एक गोष्ट कळली आणि मी थक्क झालो. अप्पांनी एकही भाग पूर्ण बघितला नव्हता! सुरुवातीला एक मिनिट, मग रिमोटनं उडी मारून मधलं एक मिनिट, मग शेवटचं एक मिनिट. तीन ठिकाणी खुपसायचं आणि प्रत सांगायची. वर्षानुवर्षं तेच, त्याच तीन ठिकाणी.

"अप्पा, हा अन्याय आहे," मी म्हणालो.

"अन्याय? शंभर पोत्यांचा ढीग आला तर आम्ही काय दाणा दाणा चाळत बसतो व्हय? वर, मधी, बुडी. माल बोलतो, सर. आपल्याला ऐकू यावं लागतं."

त्या घरचं एक माणूस असं होतं की त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी शोभा. सहा वर्षांपूर्वी तिनं हदगाव डेपोतला एक कंडक्टर पसंत केला, गणेश नाव. त्याला अप्पांनी पेढीवर बोलावून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले. तळहातावर तूर ठेवली, "माल कसा हाय?" तो म्हणाला, "मला त्यातलं कळत न्हाई." मग, "नोकरी कायम हाय का?" तो म्हणाला, "हाय." मग, "चहा घेताव का?" तो म्हणाला, "नको." संपलं. अप्पांनी घरी येऊन निकाल सांगितला, "तीन ठिकाणी खुपसून बघितलं. तिन्ही ठिकाणी निस्तं भूस." शोभानं नांदेडला नोंदणी लग्न केलं आणि हदगावला गेली. अप्पा त्यानंतर तिच्या घरी गेले नाहीत, ती या घरी आली नाही. काकू रोज दुपारी माझ्या जिन्यात बसून तिच्याशी फोनवर बोलायच्या, म्हणून मला हे सगळं ठाऊक. अप्पांनाही ठाऊक होतं. फोन सुरू झाला की ते खाली टीव्हीचा आवाज वाढवायचे.

माझ्या दुसऱ्या श्रावणात सतराव्या भागाची पाळी आली. या भागाचा शेरा दरवर्षी एकच, मी जुनी कॅलेंडरं काढून बघितली होती: 'आचारी झोपलेला. आचारी बोलणी खातो. आचारी परत झोपलेला. भूस. नापास.' सव्वीस भागांत सगळ्यात खालची प्रत. मास्तराची खोड म्हणा, आदल्या दिवशी मी तो भाग मोबाईलवर सलग बघितला. बघून झाल्यावर चप्पलसुद्धा न घालता खाली आलो.

"अप्पा, उद्या रिमोट मला द्या."

"का बरं?"

"सतरावा पूर्ण बघायचा. एक मिनिटही उडवायचं नाही."

अप्पा हसले. "नापास मालाला परत चाळणी? सर, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

पण दुसऱ्या दिवशी रिमोट काकूंनी आधीच उचलला आणि शेंगा निवडायच्या परातीत, मांडीजवळ ठेवला. "मी बी बघते," त्या म्हणाल्या. काकूंच्या मांडीजवळचा रिमोट मागायची छाती अप्पांना नव्हती.

भाग असा: यानातली हवा कमी पडायला लागते. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत पाच जणांना पुरेल एवढी हवा नाही. कप्तान भाषणं करतो, शास्त्रज्ञ नकाशे पसरतो. आळशी म्हणून सगळ्यांची बोलणी खाणारा आचारी मात्र सगळ्यांना जेवू घालतो, भांडी घासून जागच्या जागी लावतो, आपल्या हवेच्या नळीची चावी कुणाला न सांगता बंद करतो आणि आपल्या बाकावर जाऊन आडवा होतो. शेवटच्या मिनिटात यान उतरतं, सगळे आनंदानं ओरडत बाहेर पडतात. आणि मागे बाकावर आचारी पडलेला.

पडदा काळा झाला. अप्पा पाटावरून हलले नाहीत.

"म्हंजे..." ते म्हणाले, "ह्यो मेलता?"

"तीस वर्सं झाली त्याला मरून," काकू शेंगा मोडत म्हणाल्या. "तुम्ही म्हणलालाव झोपला."

"शेवटाला मी बघितलं की. डोळे मिटलेले..."

"झोपलेल्याचे बी मिटतेत आन् मेलेल्याचे बी. मधलं कोण बघायचं?" काकूंनी परात बाजूला सरकवली. "माझ्या जावयाला बी असंच तीन ठिकाणी खुपसून बघितलाव. न्हाई, हाय, नको. झालं! सहा वर्सं माझी लेक फोनात ठेवली तुम्ही, एका न्हाई-हाय-नकोपायी."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण दाराच्या वाटेत काकू होत्या. अप्पांनी कॅलेंडर उलटं केलं. पेन हातात घेतलं, पण लिहिलं काहीच नाही. त्या दिवशी रात्री ते जेवले नाहीत. मला त्यांची कीव आली आणि खरं सांगतो, थोडा आनंदही झाला.

सकाळी ते माझ्या दारात उभे. इस्त्रीचं धोतर, डोक्याला टोपी. "सर, तुम्ही नांदेडचे. आज सुट्टी हाय न्हवं? चला."

"कुठं?"

"एक माल परत बघायचा हाय. पूर्ण."

नांदेडच्या स्टँडवर अप्पांनी हदगावची गाडी शोधली. गणेशची कुठली, किती वाजताची, हे त्यांना तोंडपाठ होतं. टीव्हीचा आवाज वाढवूनही त्यांना जिन्यातलं सगळं ऐकू येत होतं तर! आम्ही मधल्या बाकावर बसलो. गाडी सुटली आणि खाकीतला तिशीतला माणूस मशीन घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. त्यानं अप्पांकडे बघितलं. अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं.

"कुठं?" गणेशनं विचारलं.

"हदगाव. अर्धं."

"आधार कार्ड दाखवा."

अप्पांनी मान वळवली. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्यांनी बंडीच्या खिशातून कार्ड काढून दिलं. गणेशनं ते नीट वाचलं, वय बघितलं आणि तिकीट फाडून दिलं. तो पुढे गेल्यावर अप्पा माझ्या कानाशी लागले. "बघितलाव? सासऱ्याला बी सोडलं न्हाई." मी आवाजात राग शोधला, सापडला नाही.

हदगाव आलं, सगळे उतरले. अप्पा बसूनच. त्याच गाडीनं आम्ही परत नांदेडला आलो, आणि त्याच गाडीनं पुन्हा हदगावला निघालो. माझ्या कमरेचं काय झालं ते मला माहीत. पण अप्पा ताठ बसून बघत होते. गणेशच्या पिशवीत लिंबं होती. कुणा म्हाताऱ्याला मळमळलं की तो एक फोडून देई. कुठला माणूस कुठं उतरायचा हे त्याच्या डोक्यात पक्कं. "अर्धापूर आलं, मामा, उठा," असं म्हणून झोपलेल्यांना खांद्याला हात लावून उठवी. एक दारुडा त्याला शिव्या देत होता, त्याला गणेशनं खिडकीजवळ बसवून वर पाणी पाजलं. बोलणं मात्र तेच. न्हाई, हाय, नको. मधलं सगळं तो हातानं करायचा.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी गाडी हदगावात थांबली, आणि गणेश आमच्या बाकाशी आला.

"ड्युटी संपली, अप्पा. मी सकाळपासून बघून राहिलो, तुम्ही उतरून नाही राहिले. घरी चला. लातूरहून आईचा फोन आलता, शोभानं भाकरी करून ठेवल्यात."

म्हणजे सगळा कट. अप्पा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, माती न्हाई ह्या मालात. शपथ."

शोभा दारातच उभी होती. बापाकडे बघून रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "अप्पा, तीन मिनिटं बसणार का राहणार?"

अप्पांचा चेहरा पडला, मग ते हसले, मग त्यांनी डोळ्याला टोपी लावली. "राहतो," ते म्हणाले. "पूर्ण बघून जातो." श्रावण संपेपर्यंत राहिले. उरलेलं पारायण त्यांनी लेकीच्या मोबाईलवर केलं, तेही वर, मधी, बुडी याच पद्धतीनं. चाळीस वर्षांची सवय एका आचाऱ्यानं जात नाही. पण परत आल्यावर त्यांनी माझ्यासमोर कॅलेंडर काढलं आणि सतराव्या भागापुढे शेरा लिहिला, 'आचारी मेलेला. आमची चूक. पास.' हा एकच शेरा त्यांनी आयुष्यात बदलला.

पुढच्या श्रावणात अकराव्या भागाचा शेरा लिहून अप्पा गेले. दुपारी पाटावर बसल्या बसल्या, रिमोट हातात धरून. काकूंना वाटलं डुलकी लागली. म्हणून त्यांनी हाक मारली नाही, टीव्ही तेवढा बारीक केला. माझ्या आयुष्यात एवढा हट्टी आणि एवढा आवडलेला घरमालक पुन्हा झाला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी काकूंनी टीव्ही लावला. "पारायण अर्धं ठेवू न्हाई," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं ज्या पारायणाला नावं ठेवली, ते पुरं करायला त्या स्वतः पाटावर बसल्या. एका बाजूला शोभा, एका बाजूला गणेश, मागे मी. बाराव्या भागापासून, एक मिनिट न उडवता. दिवसाला चार-पाच.

दुसऱ्या दिवशी सतरावा आला. आचाऱ्यानं भांडी लावली, चावी बंद केली, आडवा झाला. पडदा काळा झाल्यावर काकूंनी ते पालथं कॅलेंडर आणि पेन गणेशपुढे सरकवलं.

"जावईबापू, शेरा लिहा."

गणेशनं कॅलेंडरवर अप्पांच्या हातचे अकरा शेरे वाचले. मग मान हलवली.

"मला त्यातलं कळत न्हाई, आई."

"पूर्ण बघितलेला हाय न्हवं?"

"हाय."

"मग लिहा, पास."

गणेशनं पेन उघडलं आणि ड्युटीच्या सवयीनं आधी तारीख टाकली.